डीआरएस बंद करू नकोस, गप्प बसव

शनिवारी रात्री तुझा पहिला चेंज आहे म्हणालीस. प्रॉडक्शन क्लस्टर, पॉवरसीएलआयची काळी खिडकी, आणि ब्रिज कॉलवर अर्धे लोक पेंगुळलेले. "होईल गं" म्हणून मी फोन ठेवला खरा, पण मग झोप येईना. मॅन्युअलमध्ये काय आहे ते तू वाचलंच असशील. हे जे लिहितोय ते त्याच्या कडेकडेचं आहे, ज्याचे चटके मी सोसलेत.

आधी आपण कुठे उभे आहोत ते बघ. सकाळी तू डीआर साइटच्या व्हीसेंटरला कनेक्ट झालेली असतेस, रात्री मुंबईच्या होतेस, खिडकी तीच. पॉवरसीएलआय दोन्ही कनेक्शन धरून बसतं. मग नुसतं 'गेट-क्लस्टर' म्हटलंस की दोन्हीकडचे क्लस्टर एका रांगेत येऊन उभे राहतात, आणि पुढे पाइप लावून 'सेट-क्लस्टर' दिलंस की दोन्हीकडे बदल होतो. डीआरवरच्या क्लस्टरला मुंबईचंच नाव दिलेलं असतं, हे आपल्याकडचं जुनं दुखणं. तेव्हा चेंजसाठी नवी खिडकी उघड, लागणाऱ्या एकाच व्हीसेंटरला कनेक्ट हो, आणि प्रत्येक कमांडमध्ये 'सर्व्हर' हा पॅरामीटर स्वतः लिही. टायपिंग वाढतं, वाढू दे. नावात ताराही नको. 'प्रॉड' आणि पुढे तारा असं लिहिलंस की 'प्रॉड-टेस्ट' नावाचा कुणीतरी तीन वर्षांपूर्वी बनवलेला क्लस्टर त्यात हमखास येतो.

दुसरं, 'व्हॉटइफ'. बदल करणाऱ्या कमांडच्या शेवटी हे लावलं की ती काही करत नाही, काय करणार होती एवढं सांगते. लावत जा. पण त्यावर विसंबू नकोस. कुणावर हात उगारलाय एवढंच ते सांगतं. फटका किती बसेल ते सांगत नाही. हे मी कशावरून म्हणतो, ते ऐक.

२०१३ सालची गोष्ट. मी एका बँकेच्या कामावर होतो. कुठल्या ते जाऊ दे. स्टोरेजवाले रात्री कंट्रोलर बदलणार होते आणि त्यांची अट एकच, दोन तास एकही व्हीएम या होस्टवरून त्या होस्टवर जाता कामा नये. मी म्हटलं, हात्तिच्या, व्हीएम आपोआप हलवणारं डीआरएसच दोन तास बंद ठेवू. 'सेट-क्लस्टर', 'डीआरएस-एनेबल्ड' फॉल्स. कमांड विचारेल, खात्री आहे का, म्हणून 'कन्फर्म'लाही फॉल्स, कारण स्क्रिप्टमध्ये तशी सवयच लागलेली. अर्ध्या मिनिटात झालं. स्टोरेजवाल्यांचंही काम दीड तासात उरकलं. मी ट्रू देऊन डीआरएस पुन्हा चालू केलं आणि चहाला गेलो.

परत आलो तर ॲप्लिकेशनची टीम ओरडतेय. रात्रीची ईओडी बॅच रोज ज्या वेळेला संपते त्या वेळेला निम्मीही झाली नव्हती. क्लस्टर उघडून पाहिला. डीआरएस चालू, होस्ट हिरवे, व्हीएम सगळ्या चालू. फक्त रिसोर्स पूल एकही नाही. डेटाबेसचा पूल, ॲप्लिकेशनचा पूल, टेस्टवाल्यांचा पूल, सगळी उतरंड गायब, आणि सगळ्या व्हीएम क्लस्टरच्या मुळाशी एका ढिगात. डेटाबेससाठी राखून ठेवलेली मेमरी पुलावर लावलेली होती, ती पुलाबरोबर गेली. टेस्टवाल्यांवर घातलेली मर्यादाही पुलावरच होती, तीही गेली. पुलावर दिलेल्या परवानग्यासुद्धा गेल्या.

डीआरएस बंद केलं की क्लस्टरमधले रिसोर्स पूल नष्ट होतात, आणि ते पुन्हा चालू केल्याने परत येत नाहीत. स्क्रीनवरून बंद करायला गेलं असतं तर इशारा आला असता. कमांडला मीच तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, तिने ठेवलं. आणि व्हॉटइफ लावलं असतं तरी त्याने क्लस्टरचं नावच दाखवलं असतं, पुलांचा उल्लेख केला नसता.

आमच्या टीममधल्या एका सीनियर बाईंनी चार महिन्यांपूर्वी ऑडिटसाठी एक एक्सेल केली होती, तिच्यात पुलांचे आकडे होते. त्या एक्सेलवर आम्ही सकाळी सातपर्यंत 'न्यू-रिसोर्सपूल' आणि 'मूव्ह-व्हीएम' करत बसलो. चार महिन्यांत नव्याने आलेल्या व्हीएम कुठल्या पुलात होत्या ते कुणालाच आठवेना. त्या अंदाजाने ठेवल्या. पुढे महिनाभर एकेक फोन येत होता.

म्हणून सांगतो, डीआरएस बंद करायचं नसतं, गप्प बसवायचं असतं. त्याचे तीन स्तर आहेत. फुली ऑटोमेटेडमध्ये ते स्वतः ठरवतं आणि स्वतः हलवतं. पार्शली ऑटोमेटेडमध्ये व्हीएम चालू होताना कुठे बसवायची ते स्वतः ठरवतं, पण चालू असलेली हलवायची असेल तर फक्त सुचवतं. मॅन्युअलमध्ये दोन्ही बाबतींत सुचवण्यापुरतंच. तुला दोन तास शांतता हवी असेल तर 'डीआरएस-ऑटोमेशन-लेव्हल' पार्शली ऑटोमेटेड कर. पूल जागच्या जागी राहतात, नियम राहतात, चालू व्हीएम हलत नाही, आणि मधेच कुणाला एखादी व्हीएम चालू करायची झालीच तर तिला जागा मिळते. मॅन्युअलपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण रात्री दोन वाजता व्हीएम कुठे ठेवू असं कुणी मला विचारलेलं आवडत नाही. तोवरच्या सूचना 'गेट-डीआरएस-रेकमेंडेशन'ने बघता येतात. पटली तर ती तशीच पाइपमधून 'इन्व्होक-डीआरएस-रेकमेंडेशन'ला दे.

आणि आधीचा स्तर कुठला होता ते फाइलमध्ये लिहून ठेव. व्हेरिएबलमध्ये नको. व्हीपीएन तुटला, लॅपटॉप झोपला, शिफ्ट बदलली की व्हेरिएबल जातं, आणि मग "फुली होतं ना?" "हो, बहुतेक" असा संवाद होतो.

फाइलचं निघालंच आहे तर सगळंच काढून ठेव. 'गेट-रिसोर्सपूल'मधून नाव, शेअर्स, राखीव, मर्यादा, सीपीयूचे आणि मेमरीचे दोन्ही, आणि 'एक्सपोर्ट-सीएसव्ही'. 'गेट-व्हीएम'मधून नाव, होस्ट आणि रिसोर्स पूल या तीनच रकान्यांची दुसरी सीएसव्ही. 'गेट-डीआरएस-रूल'ची तिसरी. व्हीएम आणि होस्ट यांच्या नात्याचे नियम वेगळ्या कमांडमध्ये राहतात, 'गेट-डीआरएस-व्हीएमहोस्ट-रूल', त्याची चौथी. ही चौथी लोक विसरतात. मी नोकरीची शेवटची दहा वर्षं दर सोमवारी हे आपोआप निघेल अशी व्यवस्था करून ठेवली होती. चेंजच्या रात्री 'स्टार्ट-ट्रान्सक्रिप्ट'ही लाव, नंतर "तू नेमकं काय मारलंस?" असं कुणी विचारलं तर आठवत बसायला नको.

आता पुलांबद्दल थोडं, कारण तुझ्याकडेही ते फोल्डरसारखे वापरले असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. पंगत डोळ्यांसमोर आण. वाढपी माणसामाणसाला वाढत नाही, घराघराला एकेक पातेलं देतो. प्रॉडक्शनच्या पुलाला 'हाय' दिलंय, म्हणजे सीपीयूचे ८००० शेअर्स. टेस्टच्या पुलाला 'नॉर्मल', म्हणजे ४०००. ऐकायला झकास, प्रॉडक्शनला दुप्पट. पण प्रॉडक्शनच्या पातेल्यावर ४० व्हीएम बसल्यात आणि टेस्टच्या पातेल्यावर ४. सगळ्या सारख्या आकाराच्या, सगळ्यांना एकदम भूक लागलेली. वाटून बघ, प्रॉडक्शनच्या व्हीएमच्या वाट्याला २०० येतात आणि टेस्टच्या व्हीएमला १०००. पाचपट. मार्च एंडिंगला बँकेची व्हीएम उपाशी आणि कुणाची तरी विसरलेली टेस्ट व्हीएम ढेकर देतेय, असला प्रकार मी तीन ठिकाणी पाहिलाय. गर्दी नसेल तेव्हा हे दिसतच नाही, कारण शेअर्स चुरस लागल्यावरच मोजले जातात. नुसतं वर्गीकरण हवं असेल तर फोल्डर कर किंवा टॅग लाव. पूल हवाच असेल तर त्यात किती माणसं जेवायला आहेत ते दर तिमाहीला मोज.

डीआरएसही एक प्रकारचा वाढपीच. व्हीमोशन आलं २००३ मध्ये, म्हणजे चालू व्हीएम न थांबवता उचलून दुसऱ्या होस्टवर ठेवता येऊ लागली. २००६ मध्ये डीआरएस आलं आणि ते उचलून ठेवणं आपोआप होऊ लागलं. जुनं डीआरएस दर पाच मिनिटांनी फेरी मारायचं आणि होस्टाहोस्टांवरचा भार किती असमान आहे ते बघायचं. २०२० च्या व्हीस्फिअर ७ पासून दर मिनिटाला फेरी होते आणि हिशेब होस्टचा नसतो, व्हीएमचा असतो. हिला हवं ते मिळतंय का, आणि दुसरीकडे नेलं तर जास्त मिळेल का? त्यामुळे एका होस्टवर ३५ व्हीएम आणि शेजारच्यावर १४ असं चित्र दिसलं तरी घाबरू नकोस. पोट भरलं असेल तर वाढपी कुणाला उठवून दुसऱ्या पानावर बसवत नाही. हे तुझ्या मॅनेजरला पटवणं अवघड आहे, त्याला सारखे आकडे आवडतात. फारच मागे लागला तर 'न्यू-ॲडव्हान्स्ड-सेटिंग'ने क्लस्टरवर 'ट्राय-बॅलन्स-व्हीएम्स-पर-होस्ट' एक करून देता येतं, पण त्यापेक्षा त्याला एक चहा पाज.

नियमांच्या बाबतीत माझं मत कडक आहे, जितके कमी तितकं बरं. दोन डोमेन कंट्रोलर एका होस्टवर नकोत, डेटाबेसची जोडी एका होस्टवर नको, इथवर ठीक. 'न्यू-डीआरएस-रूल', 'कीप-टुगेदर' फॉल्स, झालं. पण कमांडने नियम करणं इतकं सोपं आहे की लोक लूप लावून पन्नास नियम पाडतात, आणि मग डीआरएसला हलायला जागाच उरत नाही. तीन होस्टच्या क्लस्टरमध्ये तीन व्हीएमना एकमेकींपासून लांब राहायला सांगितलंस की एकही होस्ट मेंटेनन्सला रिकामा होणार नाही. तिसरीने जायचं कुठे? तो बिचारा दोन टक्क्यांवर अडकून राहतो आणि तू पॅचिंगच्या खिडकीतला अर्धा तास व्हीमोशनचं नेटवर्क तपासत घालवतेस. होस्ट दोन टक्क्यांवर थांबला की मी आधी नियम बघतो, मग एखाद्या व्हीएमला अडकवलेली आयएसओ, मग नेटवर्क.

व्हीएमला होस्ट बांधून देणाऱ्या नियमांत 'मस्ट' आणि 'शुड' असे दोन प्रकार येतात. शब्द लहान आहेत, फरक लहान नाही. 'शुड' म्हणजे शक्यतो इथेच. 'मस्ट' म्हणजे मेलं तरी इथेच, आणि हे 'मेलं तरी' एचए, म्हणजे पडलेल्या होस्टवरच्या व्हीएम दुसरीकडे चालू करणारं, तेसुद्धा शब्दशः घेतं. म्हणजे लायसन्सच्या धाकाने डेटाबेसला दोन होस्टवर 'मस्ट रन ऑन' करून ठेवलं आणि ते दोन्ही होस्ट एका रॅकमध्ये, एका वीजजोडणीवर असले, तर रॅक गेल्यावर बाकीचे सहा होस्ट मोकळे असूनही एचए ती व्हीएम कुठेच चालू करणार नाही. लायसन्सचा करारच तसा असेल तर 'मस्ट' लाव, इलाज नाही. पण मग ते दोन होस्ट वेगवेगळ्या रॅकमध्ये ने, आणि हे कुणाच्या सांगण्यावरून केलं त्याचं टिकिट नंबरसकट नियमाच्या नावातच लिहून ठेव. नियमाला शेऱ्याचा रकाना नसतो, नावच त्याचा जन्मदाखला.

व्हीसेंटरची स्वतःची व्हीएम त्याच क्लस्टरमध्ये असेल तर तिला मात्र मी एक-दोन ठरलेल्या होस्टवर 'शुड'ने ठेवतो. व्हीसेंटर पडलं की ते शोधायला व्हीसेंटर नसतं. अशा वेळी बारा होस्टवर एकेक करून लॉगिन करत फिरण्यापेक्षा दोन दारं ठोठावणं परवडतं.

आता जरा खोल पाण्यातलं. किती आक्रमकपणे हलवायचं, तो एक ते पाचचा मायग्रेशन थ्रेशोल्ड, लोक एपीआयच्या वाटेने बदलतात. इंटरनेटवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये एक रिकामा 'स्पेक' बनवतात, त्यात 'व्हीमोशन-रेट' भरतात आणि 'रीकॉन्फिगर-कॉम्प्युट-रिसोर्स'ला देतात. इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे आकडे उलटे आहेत. स्क्रीनवर उजवीकडचा पाच म्हणजे सगळ्यात आक्रमक, एपीआयमध्ये एक म्हणजे सगळ्यात आक्रमक. तीन दोन्हीकडे तीनच, त्यामुळे तीनवर तपासून 'चालतंय' म्हणणारे बरेच भेटतात. बदल केल्यावर स्क्रीन उघडून डोळ्यांनी बघ.

दुसरा खड्डा जास्त खोल. त्या कॉलला शेवटी एक ट्रू किंवा फॉल्स द्यावा लागतो, त्याचं नाव 'मॉडिफाय'. ट्रू म्हणजे मी दिलंय तेवढंच बदल, बाकीला हात लावू नकोस. फॉल्स म्हणजे क्लस्टर हुबेहूब माझ्या स्पेकसारखा कर. आणि तुझ्या स्पेकमध्ये तर एकच आकडा भरलेला! जे लिहिलं नाहीस ते रिकामं होणार किंवा कोऱ्या क्लस्टरसारखं होणार, त्यात एचएही आलं. लॅबमध्ये एक टाकाऊ क्लस्टर घेऊन एकदा मुद्दाम फॉल्स देऊन बघ, आधीची आणि नंतरची सेटिंग शेजारी शेजारी ठेव. ते एकदा पाहिलंस की पुन्हा कधी स्क्रिप्ट उतरवताना शेवटचा शब्द न वाचता एंटर मारणार नाहीस. स्क्रिप्ट शेवटून वाचायची सवयच लाव.

आणखी एक, व्हीसीएलएस नावाच्या बारक्या व्हीएम. ७.० अपडेट १ पासून प्रत्येक क्लस्टरमध्ये जास्तीत जास्त तीन दिसतात. त्या कुणी बनवल्या म्हणून नवीन माणूस त्या बंद करतो, त्या परत उठतात, तो पुन्हा बंद करतो. त्यांच्यावर डीआरएसचा जीव आहे, त्यांना हात लावायचा नाही. 'गेट-व्हीएम'ला पाइप लावून सगळ्या व्हीएम बंद करणाऱ्या तुमच्या जुन्या शटडाउन स्क्रिप्टमध्ये व्हीसीएलएस नावाने सुरू होणाऱ्या वगळल्यात का, तेवढं बघून घे. खरोखरच काढायच्या झाल्या तर त्यासाठी रिट्रीट मोड आहे.

ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून तुमच्याकडे प्रॉक्समॉक्सची कुजबुज चालू आहे म्हणालीस. जाल तेव्हा जाल. तिथला कारभार वेगळा आहे. एचएखालची सेवा कुठे बसवायची ते ठरवताना तो मुळात नोडवर किती सेवा आहेत एवढंच मोजतो, आणि ७.३ पासून 'स्टॅटिक' निवडलं तर नेमून दिलेली सीपीयू-मेमरी धरतो. डीआरएससारखी दर मिनिटाची फेरी आहे असं गृहीत धरून जाऊ नकोस. ओव्हर्टमध्ये तर धोरणांची नावंच बोलकी आहेत, 'इव्हनली डिस्ट्रिब्युटेड', 'पॉवर सेव्हिंग'. पण कुठेही गेलीस तरी पहिली रात्र फक्त 'गेट' मारण्यात घालव. 'सेट' दुसऱ्या रात्री.

तर शनिवारचं. सीएसव्ही शुक्रवारी दुपारीच काढ, आणि त्या व्हीसेंटरच्याच डेटास्टोअरवर ठेवू नकोस. कमांड आधीच टेक्स्ट फाइलमध्ये लिहून, शेजारच्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. 'कन्फर्म' फॉल्स कुठेही दिसलं तर खोडून टाक. एका रात्रीत दहा वेळा 'वाय' दाबल्याने बोटं झिजत नाहीत. आणि रविवारी सकाळी घरी पोचलीस की झोपण्याआधी मला एक मेसेज टाक. चेंज कसा झाला ते नंतर सांग, मी एवढंच विचारणार आहे, डीआरएस परत फुली ऑटोमेटेडवर आणलंस का?